थांबवून ठेवलेली लिफ्ट

आमच्या इमारतीची लिफ्ट चालवणाऱ्या माणसाला लहानथोर सगळे कप्तान म्हणत. हा कप्तान आरोपी झाला तो माझ्या फिर्यादीमुळे. फिर्यादीत त्याचे नाव मी घातले, विचार करून घातले, आणि ते घालणे योग्यच होते असे मी आजही कोणालाही सांगेन. तरीही त्याच्याविषयी लिहायला बसलो आहे; कारण त्याच्याबद्दल इमारतीत, बाजारात आणि टीव्हीवर जे बोलले गेले त्यातले निम्मे खोटे होते आणि उरलेले निम्मे बोलणाऱ्यांच्या सोयीचे होते.

कप्तान मूळचा इस्पितळातला. ऐन तारुण्यात तो एका मोठ्या इस्पितळाच्या लिफ्टवर लागला आणि केस पिकेपर्यंत तिथेच राहिला. स्ट्रेचर वर न्यायचे, जाळीचा दरवाजा उघडा धरायचा आणि रुग्णाला खाटेवर घालून रिकामे स्ट्रेचर परत येईपर्यंत जागचे हलायचे नाही, हा तिथला नियम. जाळी उघडी असली की लिफ्ट हलत नाही, मग खालून कोणी कितीही घंटी बडवो. इस्पितळातून निवृत्त होऊन तो आमच्याकडे आला तेव्हा हा नियम अंगात मुरवूनच आला. कोणी जाता जाता "आलोच हं" म्हटले की हा त्या मजल्यावर जाळी धरून उभा. मी आमच्या चौथ्या मजल्यावर ऑफिसच्या घाईत घंटी दाबत असे, आणि हा भलत्याच मजल्यावर कोणाच्या तरी विसरलेल्या चष्म्याची वाट पाहत असे.

"माणूस वर नेला की काम अर्धंच झालं साहेब," तो मला समजावी. "खाली आणला की पुरं."

"तो माणूस धडधाकट आहे, कप्तान. त्याला जिना आहे."

"जिना तर तुम्हालाही आहे, साहेब."

सोसायटीच्या प्रत्येक बैठकीत मी ही तक्रार मांडली. टाकीच्या झाकणाची, कबुतरांची आणि जिन्यातल्या बंद दिव्यांचीही मांडली. एकीचाही निकाल लागला नाही. मी उभा राहिलो की सेक्रेटरी चहा सांगायला उठत.

इस्पितळाने त्याला आणखी एक गोष्ट शिकवली होती. दाराआड जे चालते ते लिफ्टवाल्याचे नाही. तिथे चोवीस तास कोणी ना कोणी विव्हळत असे, कोणाचे तरी माणूस गेलेले असे. त्या प्रत्येक आवाजामागे धावला असता तर त्याच्या हातून एकही फेरी झाली नसती. म्हणून तो मजल्याकडे पाठ करून, बटणांकडे तोंड करून उभा राही. कोणाच्या घरातली भांडणे त्याच्या कानावर पडत नसतील असे नाही. पण त्यातला एक शब्द त्याने दुसऱ्या मजल्यावर पोहोचवला नाही. आमच्या इमारतीत हा गुण दुर्मीळ होता.

या नियमाला अपवाद एकच, माझी ताई. माझी थोरली बहीण उभी हयात रंगभूमीवर वावरली. कामे मिळेनाशी झाली तेव्हा ती माझ्याकडे राहायला आली आणि दुपारच्या वेळी मुलामुलींना अभिनय शिकवू लागली. आमच्या दिवाणखान्यात रोज कोणी तरी मरे, कोणाला तरी घराबाहेर काढले जाई, कोणी तरी "वाचवा" म्हणून टाहो फोडी. खुर्च्या पडत. पहिल्या महिन्यात शेजारपाजारचे धावून आले, दुसऱ्या महिन्यात चिडले, पुढे सवय झाली. मीही लेखी तक्रार केली असती, पण घर माझेच होते.

कप्तान मात्र त्या वेळी लिफ्ट चौथ्या मजल्यावर आणून उभी करी आणि ऐकत राही. शिकवणी संपवून ताई खाली उतरली की त्यांचे सुरू; सुट्टीच्या दिवशी बाहेर निघालेला मीही सोबत असे.

"काय कप्तान, आज कसं होतं?"

"ती उंच मुलगी आहे ना बाई, ती नाकातून रडते. पोटातून येत नाही."

"आणि तो जाड्या?"

"त्याला मारलं की तो लाजतो."

ताई हसत सुटे. "ऐक धाकट्या. इतकी वर्षं समीक्षक वाचले, पण असा कान कोणाचा नव्हता."

मी म्हणे, "त्याचा कान तयार होतोय आणि माझी बस चुकतेय."

त्या दुपारी तीन माणसे आली. नाटकाच्या पोशाखांची ट्रंक न्यायला आलो आहोत, असे त्यांनी सांगितले. यात वावगे काहीच नव्हते. ताईची ती लोखंडी ट्रंक हौशी मंडळी सारखी मागून नेत. शिवाय तिघांतला एक कप्तानाच्या ओळखीचा निघाला. पूर्वी त्याच इस्पितळात तो वॉर्डात कामाला होता. "काय कप्तान, अजून वर-खालीच?" असे तो म्हणाला, आणि कप्तान हसला. तिघांना वर सोडल्यावर त्यांनी सांगितले, "ट्रंक जड आहे, थांबा जरा." कप्तान थांबला. थांबणारच.

ताईने दार उघडले. त्यांनी ते लावून घेतले. मग तिला खुर्चीला बांधले, कपाटाच्या किल्ल्यांसाठी तिचे मनगट पिळून मोडले, आणि ती ओरडू लागली तेव्हा कानशिलावर असा तडाखा दिला की डाव्या कानाने तिला आजही ऐकू येत नाही. पोशाख जमिनीवर ओतून त्यांनी ट्रंकेत आमचे घर भरले. बाहेर जाळी धरून उभ्या असलेल्या कप्तानाने ती ट्रंक उंबऱ्यावरून लिफ्टमध्ये घ्यायला एका बाजूने हात लावला. "कडी ढिली आहे, सांभाळा," असेही तो म्हणाला. हे त्याने स्वतःच पोलिसांना सांगितले. त्याला दुसरे कोणी पाहिलेले नव्हते.

शिकवणीला आलेल्या मुलांना ताई सापडली. मी पोहोचलो तोपर्यंत तिला इस्पितळात हलवले होते आणि खाली गर्दीने कप्तानाला भिंतीशी धरले होते. पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, ज्यांना मी आवाज चढवतानाही कधी ऐकले नव्हते, त्यांनी त्याच्या दोन थोबाडीत दिल्या. सेक्रेटरींनी त्याचे स्टूल उचलून रस्त्यावर भिरकावले. कप्तान हात जोडत नव्हता आणि पळतही नव्हता. तो एवढेच विचारत होता, "बाई शुद्धीवर आहेत ना?"

"बघा, कसं नाटक करतोय," आमच्या समोरच्या वहिनी म्हणाल्या.

पोलिसांनी त्याला विचारले, लिफ्ट धरून ठेवली होती का? हो. त्यातल्या एकाला ओळखत होतास का? हो. आतून आवाज आला का? आला. मी ते सगळे ऐकले आणि ठाण्यावर जाऊन फिर्याद दिली. तिघे अनोळखी इसम आणि चौथा लिफ्टचालक. बहीण इस्पितळात मनगट मोडून आणि कान गमावून पडलेली असताना मी दुसरे काय लिहून द्यायला हवे होते, ते मला अजून कोणी सांगितलेले नाही.

ते तिघे लवकरच पकडले गेले. पण लोकांना त्यांच्यात रस नव्हता. त्यांचे चेहरे कोणाच्या ओळखीचे नव्हते. अनोळखी माणसाचा राग राग करायला फार कल्पनाशक्ती लागते. कप्तान मात्र सगळ्यांचा होता. ज्यांची मुले त्याने कडेवर घेऊन वर-खाली केली, त्यांनी फाटकापाशी फलक धरले. ‘आधी घरभेद्याला फाशी द्या.’ कॅमेऱ्यासमोर समोरच्या वहिनी म्हणाल्या की त्याची नजर त्यांना पहिल्यापासून खटकत होती. गेल्याच महिन्यात त्याच नजरेखाली स्वतःची नातवंडे सोपवून त्या लग्नाला गेल्या होत्या. सेक्रेटरी मला मिठी मारून म्हणाले, "अख्खी इमारत तुमच्या पाठीशी आहे." इतक्या वर्षांत अख्खी इमारत माझ्या पाठीशी उभी राहिल्याचा तो पहिलाच प्रसंग, आणि मला तो कमालीचा अस्वस्थ करून गेला. टाकीच्या झाकणाच्या वेळी ही माणसे कुठे होती?

सरकारी वकील बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. ताईचा हात अजून प्लास्टरमध्ये होता तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना कचेरीत बोलावून घेतले.

"कायदा सरळ आहे," त्या म्हणाल्या. "घरात शिरून मारणारा जेवढा दोषी, तेवढाच बाहेर राखण करणारा. लिफ्ट अडवून त्याने खालून कोणाला येऊ दिलं नाही, पळायची वाट तयार ठेवली, माल उचलायला हात लावला. आता फक्त एक सिद्ध करायचंय. आत काय चाललंय ते त्याला ठाऊक होतं."

"आणि ठाऊक नसेल तर?" मी विचारले.

"तर तो चांगला लिफ्टवाला आहे, आणि सुटेल. सगळं त्यावर आहे. म्हणून ताई, तुमची साक्ष महत्त्वाची. तुम्ही ओरडलात?"

"जीव खाऊन."

"बस. तो रोज तुमच्या तालमी ऐकायचा, असं म्हणतात. त्याला खऱ्या-खोट्यातला फरक कळतो, हे तुम्हीच सांगायचं."

"सांगणारच," ताई म्हणाली. तिचा आवाज थंड होता. "इमारतीत बाकी कोणाला नाही कळलं तर मी सोडून देईन. त्याला कळायलाच हवं होतं. तो नाकातलं आणि पोटातलं ओळखायचा."

इथवर सगळे सुरळीत होते. मग वकील बाई फाईल मिटता मिटता हसल्या. "तो बचाव काय घेतोय ऐका. म्हणतो, आवाज ऐकला, पण मला वाटलं कोणी नवीन शिकायला आलंय. जमत नाहीये बिचाऱ्याला."

मी हसलो. इतका निर्लज्ज बचाव मी ऐकला नव्हता. ताई हसली नाही. घरी आल्यावर पुढचे काही दिवस तिने मला वेड लावले. दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात, तिथून परत. जेवताना घास हातात धरून थांबे.

"अगं जेव ना."

"ओरडताना माझ्या तोंडून शब्द काय आला, ते आठवत नाहीये मला."

"काय फरक पडतो?"

"श्वास नव्हता, धाकट्या. छातीत श्वासच नव्हता. मुलांना मी काय शिकवते? आधी श्वास भरा. मग टाहो फोडा. तो मागच्या रांगेपर्यंत जातो." ती पुन्हा उठली. "मला तर श्वास भरायला कोणी वेळच दिला नाही."

एका रविवारी दुपारी मी वर्तमानपत्र वाचत होतो. ताई आतल्या खोलीत होती. एकाएकी तिथून अशी किंकाळी उठली की वर्तमानपत्र माझ्या हातून गळून पडले. मी आत धावलो. ती खोलीच्या मधोमध ताठ उभी होती, प्लास्टरचा हात पोटाशी धरून, आणि तिला काहीही झालेले नव्हते. मी बोलायच्या आत आमचे दार बडवले जाऊ लागले. उघडले तर समोर वहिनी, त्यांच्यामागे त्यांचा मुलगा काठी घेऊन; दातांचे डॉक्टर एका पायात चप्पल घालून तीन मजले चढून आलेले; सेक्रेटरी तोंडावर साबण तसाच घेऊन. जिन्यात आणखीही माणसे होती.

"काय झालं? कोण आहे आत?" डॉक्टर धापा टाकत होते.

"कोणी नाही," ताई म्हणाली. "मी ओरडून बघत होते."

"ओरडून बघत होता?" सेक्रेटरींच्या हनुवटीवरून साबण गळला. "अहो, काळीज बंद पडायचं एखाद्याचं."

"त्या दिवशी का नाही आलात?"

वहिनींच्या मुलाने काठी पाठीमागे धरली.

"त्या दिवशी ऐकूच नाही आलं हो," वहिनी म्हणाल्या. "आमचा टीव्ही चालू असतो."

"आजही चालू आहे," ताई म्हणाली. तो खरोखरच चालू होता; उघड्या दारातून ऐकू येत होता.

"आम्ही तर झोपलो होतो," असे डॉक्टर म्हणाले. सेक्रेटरी इमारतीतच नव्हते म्हणे. एकेक जण काखा वर करत जिना उतरला. मी दार लावले. माझ्या मते त्या सर्वांनी त्या दिवशी ऐकले होते आणि सर्वांना तालीमच वाटली होती. यात गुन्हा काही नाही. पण हे कबूल करायचे तर कप्तानालाही तसेच वाटले असेल हे मानावे लागले असते, आणि मग त्या दोन थपडांचे काय करायचे? चोर सोडून संन्याशाला फाशी देणाऱ्यांची खरी अडचण तीच असते. दोर आधीच ओढलेला असतो.

मी तसे ताईला म्हटले. ती ऐकत नव्हती.

"आज सगळे आले," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "म्हणजे आजचं चांगलं झालं."

बचावाच्या वकिलाने इमारतीतल्या घरोघरी जाऊन साक्षीसाठी विचारले. फलक धरणाऱ्या त्या हातांपैकी एकही शपथ घ्यायला वर झाला नाही. कोणाचे गुडघे दुखत होते, कोणाच्या मुलीचे सासर दूर होते. मला सेक्रेटरींनी बजावले, "तुमच्या बहिणीला समजावा. उगाच दयामाया नको. इमारतीच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"अब्रूचं माहीत नाही," मी म्हणालो, "टाकीला अजून झाकण नाही."

खटला उभा राहिला तेव्हा दालन भरलेले होते. कप्तान त्या तिघांच्या शेजारी पण थोडे अंतर राखून बसला होता. तुरुंगात तो वाळला होता. तो ताईकडे पाहत नव्हता. समोरच्या भिंतीकडे पाहत होता, लिफ्टमध्ये पाहायचा तसाच. सरकारी वकील बाईंनी ताईकडून घटना वदवून घेतली. मग बचावाचा तरुण वकील उठला. त्याला स्वतःलाच फारशी आशा दिसत नव्हती.

"तुमच्या घरात तालमी चालायच्या?"

"रोज."

"आरडाओरडा व्हायचा?"

"न होऊन कसं चालेल?"

"त्या दिवशीचं तुमचं ओरडणं तालमीतल्या ओरडण्यापेक्षा वेगळं होतं का?"

वकील बाई खुर्चीत रेलून बसल्या. या प्रश्नाचे उत्तर आम्ही कचेरीत ठरवून आलो होतो.

"होतं," ताई म्हणाली. "फार वाईट होतं."

दालनात कोणी तरी हळहळले. त्यांचा समज झाला की ती वेदनेबद्दल बोलते आहे. न्यायाधीशांनी विचारले, "वाईट म्हणजे?"

"म्हणजे कच्चं. आवाज चिरकला, अर्ध्यात तुटला, शब्द लागला नाही. एखाद्या विद्यार्थ्यानं माझ्यासमोर तसं केलं असतं तर मी त्याला थांबवलं असतं. म्हटलं असतं, हे कोणाला खरं वाटणार नाही." ती न्यायाधीशांकडे वळली. "खरं ओरडणं असंच असतं, महाराज. म्हणून तर रंगमंचावर ते शिकावं लागतं."

सरकारी वकील बाई झटकन उठल्या. "पण आरोपीचा कान तयार होता, असं तुम्हीच मला सांगितलंत."

"तयार होता म्हणूनच फसला असेल. ज्याला कान नाही तो निदान दार वाजवून बघतो."

कप्तानाने तेव्हा प्रथमच मान वळवली. त्याच्या चेहऱ्यावर कृतज्ञता होती असे मी लिहिणार नाही. मला ती दिसली नाही. त्याने नुसते पाहिले, आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केले.

तिघांना शिक्षा झाली. कप्तानाबद्दल न्यायालयाने म्हटले की त्याने लिफ्ट धरली, ट्रंकेला हात लावला, आवाजही ऐकला, परंतु आत काय घडते आहे हे त्याला ठाऊक होते असे सिद्ध झाले नाही. आणि ठाऊक असल्यावाचून केलेली मदत म्हणजे गुन्ह्यातली भागीदारी नव्हे. तो सुटला. बाहेरच्या पायऱ्यांवर फलकवाले होते. ताईला पाहून वहिनी बाजूला सरकल्या आणि कोणाला तरी म्हणाल्या, "फितवली बाईला. काय देऊन फितवली कोण जाणे."

कप्तान व्हरांड्यात आमच्यासमोर आला. ताईला नमस्कार करून तो माझ्याकडे वळला.

"साहेब, तुमची तक्रार बरोबर होती. लिफ्ट अशी धरून ठेवायची नसते."

मी अनेक वर्षे हे वाक्य कोणाच्या तरी तोंडून ऐकण्यासाठी झटलो होतो. ते ऐकल्यावर काय बोलायचे असते, हे मात्र मला माहीत नव्हते. "आता कुठे जाणार?" असे मी विचारले. धाकट्या भावाच्या घरी, असे तो म्हणाला. "तिथं लिफ्ट नाही," अशीही भर त्याने घातली. मग तो गर्दी टाळून मागच्या दाराने गेला.

टॅक्सीत ताई खिडकीशी बसली, चांगला कान माझ्याकडे करून. मला राहवेना. त्या ओळखीच्या माणसाचे काय? दोघे एकमेकांशी हसले होते. बंद दाराबाहेर इतका वेळ उभे राहून एकदाही त्याला शंका आली नाही? की आली, आणि त्याने इस्पितळातल्यासारखी पाठ फिरवली?

"ताई, त्याला खरंच माहीत नव्हतं, याची तुला खात्री आहे?"

"नाही."

"मग शपथेवर सांगितलंस कसं?"

"मी काय सांगितलं ते आठव ना. माझं ओरडणं खोटं वाटण्यासारखं होतं, एवढंच मी सांगितलं. ते मला माहीत होतं, आणि ते सांगणारं दुसरं कोणी नव्हतं." तिने मोडलेला हात मांडीवर नीट ठेवला. "त्याला काय वाटलं, ते मी कुठे सांगितलं?"

"म्हणजे तो कदाचित..."

"कदाचित," ती म्हणाली आणि ड्रायव्हरला गाडी जरा हळू घ्यायला सांगितले. खड्ड्यांनी तिचे मनगट दुखत होते.